रद्द झालेलं निमंत्रण कसं वाचायचं? यवतमाळ संमेलनाच्या पत्रव्यवहाराची एक चिकित्सा



मागच्या लेखात आपण साहित्याचा आढावा, म्हणजे लिटरेचर रिव्ह्यू कसा लिहायचा ते पाहिलं. त्यावर पेटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, शोधनिबंध आणि पुस्तकं ठीक आहेत. पण पत्रं, ईमेल, राजीनामे, वर्तमानपत्रातली निवेदनं यांनाही साधन म्हणून धरायचं का? आणि धरलं तर त्यांची चिकित्सा कशी करायची?"

प्रश्न चांगला आहे. मी रसायनशास्त्राची. आमच्याकडे पत्रांना कोणी विचारत नाही, कारण आमचं साधन म्हणजे मातीचा नमुना आणि त्याचा आलेख. पण पत्र वाचायला मी शिकले ती एका प्रकरणामुळे, आणि ते प्रकरण माझ्या जिल्ह्यात घडलं. जानेवारी २०१९, यवतमाळ, ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिकेला संमेलन पाच दिवसांवर आलं असताना कळवण्यात आलं की येऊ नका. शब्द दिला होता, तो मागे घेतला. आणि हे सगळं झालं लेखी.

तेव्हा मी अमरावतीला एमएस्सी करत होते. घरी यवतमाळकडे फोन केला की संमेलनाचाच विषय. आज तो वाद थंड झालाय, म्हणूनच वाचायला बरा. आधी एक सांगते. हा लेख तटस्थ नाही. निमंत्रण रद्द करणं चूक होतं असं माझं मत आहे. पण मत असणं वेगळं आणि ते पुराव्याने मांडणं वेगळं. ते दुसरं काम कसं करतात ते आज बघू.

आधी घटनाक्रम, मग मत

कोणत्याही चिकित्सेत पहिली पायरी हीच. तारखा नीट लावल्याशिवाय कारणांवर बोलायचं नाही.

यवतमाळला याआधी १९७३ साली संमेलन झालं होतं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. त्यानंतर थेट २०१९. तारखा ठरल्या ११, १२ आणि १३ जानेवारी. अध्यक्षपदी डॉ. अरुणा ढेरे. या वेळी अध्यक्ष निवडणुकीने नाही, तर एकमताने निवडल्या गेल्या. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष यांच्यानंतरच्या त्या पाचव्या स्त्री अध्यक्ष. म्हणजे संमेलनाची सुरुवात चांगल्या बातमीने झाली होती.

उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावण्यात आलं. त्यांचा जन्म १९२७चा, म्हणजे तेव्हा वय ९१. इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकार. विजयालक्ष्मी पंडित आणि रणजित सीताराम पंडित यांची मुलगी. मामेबहीण इंदिरा गांधी यांच्या आणीबाणीला उघड विरोध करणारी. २०१५ साली त्यांनी साहित्य अकादमी पुरस्कार परत केला होता. त्यांनी निमंत्रण स्वीकारलं आणि भाषण आधीच लिहून पाठवलं.

त्यानंतर महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला. मराठीच्या संमेलनाचं उद्घाटन इंग्रजी लेखिकेच्या हस्ते कशाला, असा तो आक्षेप. कार्यक्रम उधळण्याची भाषा झाली. ६ जानेवारीच्या सुमारास आयोजन समितीचे कार्याध्यक्ष डॉ. रमाकांत कोलते यांच्या नावाने सहगल यांना निमंत्रण रद्द झाल्याचा ईमेल गेला. लगेच राज ठाकरे यांनी जाहीर केलं की सहगल यांच्या येण्याला आपला विरोध नाही. तरी निमंत्रण पुन्हा उभं राहिलं नाही. निर्णय नेमका कोणाचा, यावर आयोजक आणि महामंडळ यांच्यात उघड वाद झाला. महामंडळाचे अध्यक्ष डॉ. श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक लेखक-कवींनी संमेलनावर बहिष्कार टाकला. न झालेलं भाषण मराठी-इंग्रजीत छापून आलं आणि झालेल्या अनेक भाषणांपेक्षा जास्त वाचलं गेलं. संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या, 'तेरवं' या नाटकात काम केलेल्या, आपल्याच जिल्ह्यातल्या.

हा झाला घटनाक्रम. यात अजून 'का' हा शब्द आलेला नाही, हे लक्षात घ्या. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही पहिलं पान असंच असायला हवं.

एका प्रकरणात साधनं किती?

नवीन संशोधकाची नेहमीची चूक म्हणजे सगळ्या कागदांना एकाच पिशवीत कोंबणं. 'पत्रव्यवहार' म्हटलं तरी यात निदान पाच प्रकारचे कागद आहेत: निमंत्रण, स्वीकार, आधी पाठवलेलं भाषण, रद्द केल्याचा ईमेल आणि नंतरचे राजीनामे-निवेदनं. प्रत्येकाचं काम वेगळं, वाचक वेगळा.

निमंत्रण एका व्यक्तीला लिहिलेलं असतं, पण त्यात संस्था बोलते. स्वीकार हा करार असतो, जरी त्यावर शिक्का नसला तरी. भाषण लिहिलं गेलं ते मांडवातल्या श्रोत्यांसाठी, पण वाचलं गेलं वर्तमानपत्राच्या वाचकांकडून. रद्द केल्याचा ईमेल सहगल यांना उद्देशून होता, पण तो जगासमोर येणार हे पाठवणाऱ्यांनाही कळायला हवं होतं. आणि राजीनामा? तो ज्याला द्यायचा त्याच्यापेक्षा इतरांनी वाचावा म्हणूनच लिहिला जातो.

म्हणून कुठलंही पत्र हातात आलं की पहिला प्रश्न 'यात काय म्हटलंय' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'हे कोणासाठी लिहिलंय?' आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांची पत्रं आवडीने वाचली जातात. तिथे दोन माणसं एकमेकांशी बोलतात. इथे संस्था माणसाशी बोलते. दोन्ही पत्रंच, पण मोजपट्टी एक नाही. योगायोग असा की सहगल यांना पत्र या प्रकाराची चांगली ओळख होती. ई. एन. मंगतराय यांच्याशी झालेला स्वतःचा खासगी पत्रव्यवहार त्यांनी १९९४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला होता. खासगी पत्र उघड करायलाही न घाबरलेल्या बाईंना मराठी साहित्यसंस्थेकडून आलेलं पत्र असं होतं.

रद्द करणारं पत्र: कारण आणि जबाबदारी

त्या ईमेलचा आशय थोडक्यात असा: तुमचं नाव जाहीर झाल्यावर कार्यक्रम उधळण्याच्या धमक्या आल्या, अप्रिय प्रकार घडू नये म्हणून निमंत्रण रद्द करत आहोत.

वरवर पाहिलं तर काळजीचं पत्र वाटतं. आता त्याचा सांगाडा काढून बघू.

धोका कोणाकडून होता? धमकी देणाऱ्यांकडून. किंमत कोणी मोजली? धमकी जिला दिली गेली तिने. वाक्याच्या एका टोकाला धमकी आहे, दुसऱ्या टोकाला निमंत्रण रद्द आहे, आणि मधे 'म्हणून' हा शब्द आहे. सगळी अडचण या 'म्हणून'मध्ये आहे. धमकी आली म्हणून पोलिसांकडे गेलो, असं वाक्य होऊ शकलं असतं. धमकी आली म्हणून मांडवाची व्यवस्था वाढवली, असंही होऊ शकलं असतं. मुख्यमंत्री, मंत्री येणाऱ्या संमेलनाला बंदोबस्त असतोच. ९१ वर्षांच्या एका पाहुण्याला त्यात जागा नव्हती, हे मानणं जड जातं.

विज्ञानातली एक सवय इथे कामाला येते. एखादं कारण खरं असेल, तर त्यातून आणखी काय व्हायला हवं होतं, हे तपासायचं. समजा सुरक्षितता हेच खरं कारण होतं. मग पाहुणी आली नाही की धोका संपला. भाषण तर आधीच हातात होतं. ते व्यासपीठावरून दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवता आलं असतं. कागदाला दगड मारून कोणी जखमी होत नाही. तरी ते उद्घाटनाचं भाषण म्हणून वाचलं गेलं नाही. म्हणजे सुरक्षिततेचं कारण खोटं होतं असं लगेच सिद्ध होत नाही, पण ते अपुरं होतं एवढं नक्की दिसतं.

'खोटं' आणि 'अपुरं' यातला फरक लक्षात ठेवा. व्हायवात माणसं इथेच अडकतात.

तीन गृहीतकं

या प्रकरणावर लोक अजूनही तीन प्रकारे बोलतात. आपण त्यांना गृहीतकं म्हणू आणि एकेक तपासू.

पहिलं गृहीतक: भाषेमुळे निमंत्रण रद्द झालं. इंग्रजी लेखिका नको, एवढंच. याच्या बाजूने पुरावा आहे, कारण पहिला आक्षेप याच शब्दांत आला होता. विरोधातही पुरावा आहे. अगदी आदल्या वर्षी, २०१८ला बडोद्याच्या संमेलनात ज्ञानपीठविजेते गुजराती साहित्यिक रघुवीर चौधरी उद्घाटनाला होते. तेव्हा मराठी संकटात आली नव्हती. आता इथे प्रामाणिकपणे पलीकडची बाजूही मांडायची. आक्षेप घेणारा म्हणेल, गुजराती ही शेजारची भाषा, इंग्रजी ही मराठीला शाळेतून हुसकावणारी. या म्हणण्यात दम आहे. आमच्या तालुक्यातल्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडताना मी पाहिलेत. पण मग त्याच पक्षाच्या प्रमुखाने विरोध नाही असं जाहीर केल्यावर हे कारण उरत नाही. आणि ज्या लेखिकेच्या वडिलांनी 'राजतरंगिणी', 'मुद्राराक्षस' आणि 'ऋतुसंहार' संस्कृतातून इंग्रजीत नेले, ज्यांच्या घराण्याची मुळं कोकणपट्टीत होती, तिला भाषेच्या बाबतीत अगदी परकी ठरवणंही सोपं नाही.

दुसरं गृहीतक: गोंधळाच्या भीतीने रद्द झालं. याबद्दल वर बोललो. भीती खरी असू शकते. लहान शहरातल्या आयोजकांची अवस्था मला कळते. वर्गणी गोळा केलेली, मांडव उभा राहिलेला, राहण्याची सोय गावातल्या घरांमध्ये केलेली, आणि कोणीतरी येऊन म्हणतं की उधळून लावू. पुण्या-मुंबईत बसून त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. पण भीती हे स्पष्टीकरण झालं, समर्थन नव्हे. आणि धमकीतली हवा निघून गेल्यावरही निर्णय बदलला नाही, हे या गृहीतकाला अडचणीचं आहे. अर्थात, एकदा अपमान करून झाल्यावर पाहुणीने परत का यावं, हाही प्रश्न आहेच.

तिसरं गृहीतक: भाषणातल्या मजकुरामुळे रद्द झालं. ते भाषण मऊ नव्हतं. त्यात वडिलांचा तुरुंगवास आहे. रणजित पंडित तुरुंगातून सुटल्यावर थोड्याच काळात, जानेवारी १९४४मध्ये गेले. म्हणजे मुलगी यवतमाळच्या व्यासपीठावर उभी राहिली असती तर त्या मृत्यूला ७५ वर्षं होत होती. त्यात जमावाकडून होणाऱ्या हत्या आहेत, दाभोलकर-पानसरे-कलबुर्गी-गौरी लंकेश यांच्या खुनांनंतरचं वातावरण आहे, लेखकाने गप्प बसू नये हा आग्रह आहे. सत्तेत असलेल्यांना आवडावं असं ते नव्हतं. भाषण आधी पोचलं होतं आणि निमंत्रण नंतर रद्द झालं, हे खरं. पण मंडळी, इथेच थांबा. 'नंतर घडलं' म्हणजे 'त्यामुळे घडलं' असं होत नाही. पाऊस पेरणीनंतर आला म्हणून पेरणीमुळे आला का? या गृहीतकावर अनेकांचा विश्वास आहे, माझाही ओढा तिकडे आहे. पण ओढा असणं हा पुरावा नाही. प्रबंधात मी 'मजकुरामुळे रद्द झालं' असं वाक्य लिहिणार नाही. 'रद्द झाल्यामुळे तो मजकूर व्यासपीठावरून बोलला गेला नाही' असं लिहीन.

हे दुसरं वाक्य दिसायला साधं आहे, पण ते कोणालाही खोडता येत नाही. आणि चिकित्सेला तेवढं पुरतं. कोणाच्या मनात काय होतं ते शोधत बसण्यापेक्षा कृतीचा परिणाम मांडा. परिणाम असा, की ज्याने उधळण्याची धमकी दिली त्याला संमेलन उधळावंही लागलं नाही. त्याचं काम आयोजकांनी लेटरहेडवर करून दिलं.

पूर्वीची उदाहरणं काय सांगतात?

एका प्रकरणावरून निष्कर्ष काढू नये, हे तुम्हाला कोर्सवर्कमध्ये शिकवतील. म्हणून आढावा.

सगळ्यात जुनं उदाहरण १८८५चं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण महात्मा जोतीराव फुल्यांना पाठवलं. फुल्यांनी ते नाकारलं आणि का नाकारतो ते सविस्तर लिहिलं. पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. ज्यांना सगळ्यांचे माणूस म्हणून हक्क मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय. आता हे पत्र आणि यवतमाळचा ईमेल शेजारी ठेवून बघा. दोन्ही 'नाही' म्हणणारी पत्रं. पण फुल्यांच्या पत्रात नकार देणारा माणूस समोर उभा आहे. कारण त्याचं स्वतःचं आहे, ते त्याने स्वतःच्या नावाने दिलंय, आणि त्याची किंमतही तोच मोजणार आहे. यवतमाळच्या पत्रात कारण दुसऱ्या कोणाचं, सही तिसऱ्याची, आणि किंमत चौथ्याची.

दुसरं उदाहरण १९७५चं कराड. आणीबाणी लागू होती. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हा केंद्रात मंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. त्या आणीबाणीच्या विरोधात बोलणार हे उघड होतं. तरी त्यांना बोलू दिलं गेलं आणि त्या बोलल्या. त्यांना अटक झाली ती नंतर. म्हणजे अध्यक्षाचा शब्द सत्तेपेक्षा वर ठेवण्याची उदाहरणं याच संमेलनाच्या इतिहासात आहेत. 'परिस्थितीच तशी होती' असं म्हणणाऱ्याला कराड दाखवा.

तिसरं २००९चं महाबळेश्वर. डॉ. आनंद यादव अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून वारकऱ्यांनी विरोध केला. यादवांनी अध्यक्षपद सोडलं आणि संमेलन निवडून आलेल्या अध्यक्षाविना पार पडलं. यवतमाळच्या दहा वर्षं आधी. तेव्हा वक्त्यालाच मागे सरावं लागलं. यवतमाळला पुढचं पाऊल पडलं, संस्थेनेच शब्द परत घेतला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

सहगल यांच्यासाठीही हे पहिलं नव्हतं. जनता राजवटीच्या अखेरीस त्यांची इटलीतल्या राजदूतपदी नेमणूक झाली होती. १९८० साली इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्यावर ती रद्द झाली. म्हणजे एका पक्षाच्या काळात एकदा आणि दुसऱ्याच्या काळात एकदा. ज्यांना वाटतं की हा फक्त एका पक्षाचा प्रश्न आहे, त्यांनी हे दोन कागद एकत्र वाचावेत.

वैशाली येडे यांना तळटीप करू नका

या प्रकरणावरचं बरंचसं लेखन मी वाचलंय. त्यातला एक दोष सगळीकडे दिसतो. सहगल नायिका, आयोजक खलनायक आणि वैशालीताई म्हणजे 'ऐनवेळी आणलेली पर्यायी व्यवस्था'. हे मला पटत नाही.

त्यांना का बोलावलं गेलं यावर टीका करता येते. वादातून बाहेर पडायला शेतकऱ्याच्या विधवेचा पदर धरला, असं म्हणता येतं, आणि मी म्हणते. पण त्या काय बोलल्या ते वेगळं. नवरा गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला घर, शेत, सासर, सरकार कसं वागवतं, आणि तिने जगायचं ठरवलं तर तिला किती जणांशी झगडावं लागतं, हे त्या मांडवात तिच्याच बोलीतून ऐकू आलं. माझ्या जिल्ह्यातल्या अशा हजारो घरांबद्दल साहित्याच्या व्यासपीठावर उद्घाटकाच्या जागेवरून बोललं जाणं ही लहान गोष्ट नाही. एकीचं निमंत्रण रद्द झालं म्हणून दुसरीचं बोलणं खोटं ठरत नाही. दोघींना एकाच व्यासपीठावर बसवता आलं असतं, आणि ते न सुचणं हा आयोजनाचा सगळ्यात मोठा पराभव, असं माझं मत आहे. ९१ वर्षांची इंग्रजी लेखिका आणि कळंब तालुक्यातली शेतकरी बाई. काय संमेलन झालं असतं!

बहिष्काराबद्दलही थोडं. न जाणाऱ्यांनी आपला निषेध नोंदवला. पण त्याच मांडवात अध्यक्ष अरुणा ढेरे आणि मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी या निर्णयावर उघड टीका केली. प्रेक्षकांत काही जणींनी सहगल यांचे मुखवटे घातले. आत जाऊन बोलणारे आणि बाहेर राहून नाकारणारे, या दोघांत कोण जास्त प्रामाणिक, हा प्रश्न चुकीचा आहे. संशोधकाने विचारायचं ते हे, की कोणाच्या कृतीमुळे नोंद कुठे राहिली. बाहेर राहणाऱ्यांची नोंद वर्तमानपत्रात राहिली. आत बोलणाऱ्यांची नोंद संमेलनाच्या स्वतःच्या इतिहासात राहिली. दोन्ही लागतात.

आणि आता माझं पत्र

इथवर मी न्यायाधीशासारखी बोलले. आता माझ्याच पिंजऱ्यात उभी राहते.

दोन वर्षांपूर्वी माझी एक मैत्रीण, आमच्या भागात वाचक मंडळ चालवते, तिने मला बोलावलं. आम्ही दोघी कविता लिहिता लिहिता मैत्रिणी झालेल्या. विषय हाच, २०१९चं संमेलन आणि पत्रांची चिकित्सा. मी लगेच हो म्हटलं. तिने गावात फलक लावले, चाळीसेक खुर्च्या सांगितल्या. आठवडाभर आधी माझ्या ओळखीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने सहज विचारलं, "प्रबंध जमा व्हायचाय ना अजून? मग कशाला या भानगडीत पडतेस?" धमकी नव्हती. काळजीच होती. पण मला झोप लागली नाही.

मी तिला ईमेल लिहिला. 'काही अपरिहार्य कारणांमुळे नियोजित व्याख्यान रद्द करावे लागत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' इतकंच.

तिचं उत्तर आलं वऱ्हाडीत: "अवं, कारण सांगाचं नसन तं नको सांगू. पण 'मी येत नाही' असं तं लिही. हे रद्द कोण करून राह्यलं? व्याख्यान सोताच?"

मी माझंच वाक्य परत वाचलं. त्यात 'मी' कुठेच नव्हते. व्याख्यान रद्द करावं लागत होतं, गैरसोय होत होती, कारणं अपरिहार्य होती, आणि हे सगळं करणारं माणूस गायब. ज्या पत्रावर मी तासभर बोलणार होते, तसंच पत्र मी लिहून बसले होते. फरक एवढाच की मला कोणी धमकी दिली नव्हती. म्हणजे माझ्याकडे तर तेवढंही निमित्त नव्हतं.

मी दुसरं पत्र लिहिलं. 'मी घाबरले म्हणून येत नाही. प्रबंधावर परिणाम होईल असं मला वाटलं. खुर्च्यांचे पैसे मी देते. तुला हवं असेल तर टिपणं पाठवते, तू वाच.' तिने पैसे घेतले नाहीत, टिपणं घेतली, आणि ठरलेल्या दिवशी स्वतः वाचून दाखवली. आज तुम्ही वाचताय तो लेख बराचसा त्याच टिपणांतून आलाय. मैत्री टिकली, पण पुढच्या कार्यक्रमाला तिने मला बोलावलं नाही. तो तिचा हक्क होता.

तुमच्यासाठी: पत्र हाती आलं की काय तपासायचं?

तुमच्या विषयात पत्र, नोटीस, परिपत्रक, ईमेल काहीही साधन म्हणून येऊ शकतं. इतिहास असो, समाजशास्त्र असो की माझ्यासारखं कीटकनाशकांचं रसायनशास्त्र. कंपनी आणि कृषी खात्यातली पत्रंही शेवटी पत्रंच. तेव्हा एवढं तपासा.

१. कर्ता शोधा. 'निर्णय घेण्यात आला' असं दिसलं की खाली रेघ मारा. कोणी घेतला? पत्रात नसेल तर दुसऱ्या कागदात शोधा. कुठेच नसेल तर तीही नोंद करा.

२. दिलेलं कारण आणि झालेला परिणाम वेगळ्या रकान्यांत लिहा. त्यांच्यामधला 'म्हणून' तपासा.

३. तेच कारण खरं असतं तर आणखी कोणते मार्ग होते, त्यांची यादी करा. न घेतलेला मार्गही पुरावा असतो.

४. पत्राची तारीख आणि त्याच्या आगेमागे घडलेल्या गोष्टी लावा. पण क्रमाला कारण समजू नका.

५. ज्याला पत्र लिहिलंय त्याच्या जागी बसून एकदा वाचा. मग ज्याने लिहिलंय त्याच्या जागी बसून वाचा. दुसऱ्यांदा वाचताना राग कमी झाला तर हरकत नाही. मत तरीही टिकलं तर ते लिहा.

६. तुमचं आवडतं गृहीतक कुठलं ते स्वतःशी कबूल करा आणि त्यालाच सगळ्यात कडक प्रश्न विचारा.

शेवटचं. संशोधनात पुढे तुम्हाला परिषदांची निमंत्रणं येतील, तुम्हीही कोणाला बोलवाल. कधीतरी शब्द मोडावा लागेल. घरी आजारपण असतं, पैसे नसतात, भीती वाटते. तेव्हा आधी फोन करा. नंतर लिहाल त्या पत्रात 'मी' हा शब्द ठेवा, खरं कारण सांगता येत नसेल तर निदान खोटं देऊ नका, आणि समोरच्याचं झालेलं नुकसान कसं भरून देणार ते लिहा. वक्ता येणार नसेल पण भाषण हातात असेल, तर ते वाचायला माणूस शोधा.

पुढच्या लेखात आरएसीसमोर पहिलं सादरीकरण कसं करायचं ते पाहू. तोवर एक गृहपाठ: तुमच्या विभागाच्या सूचनाफलकावरची कोणतीही एक नोटीस घ्या आणि तिच्यातला कर्ता शोधून काढा.